नग एक, काळा गोळा

॥ शिव ॥

झरी, मंगळवार, ता. ४ नोव्हेंबर २०२५

चि. शिवकांत यास महादेवीअक्काचा आशीर्वाद. वि. वि.

आन् बाकड्यावर बसवलंस ते बसवलंस, वर त्या शिपायाला म्हणालास की ह्या बाईंचं काय काम हाय ते विचारून घे. बाई! पंचेचाळीस वर्षं तुझी अक्का होते, काल दुपारी ठाण्याची पायरी चढले आन् बाई झाले. ज्या पदरानं तुझं नाक पुसलं त्योच पदर डोक्यावर होता, तरी साहेबांना ओळख पटली न्हाई. दीड तास बसले. पाणी विचारलं न्हाईस. समोर जप्तीची एक बकरी बांधली होती, तिला तेवढ्या वेळात दोनदा पाला पडला.

फोन तू उचलत न्हाईस. व्हाट्सॲपवर दोन निळ्या रेघा उमटतात, जबाब येत न्हाई. सरकारी माणसाला कागदच कळतो म्हणतात, तर घे कागद. चौथी पास हाय मी. अक्षर वाकडं असंल, बोलणं सरळ हाय. आन् सगळं पहिल्यापासून लिहिते, म्हणजे मला ठावं न्हवतं म्हणायला तुला जागा उरायची न्हाई.

मागच्या महिन्यात पंचवीस तारखेला मी मायला घेऊन चारठाण्याहून यायले होते. गाडी बदलताना गर्दीत कुणीतरी ब्लेडनं मायच्या गळ्यातला शिवदोरा कापला आन् इष्टलिंगाची चांदीची डबी नेली. चोराला वाटलं असंल लॉकेट. बारशाला बांधलेलं लिंग ते. न्हाताना, झोपताना, तुझं डोचकं अडलं होतं त्या बाळंतपणात बी तिनं अंगावेगळं केलं न्हवतं. ब्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा मायचा गळा मोकळा हाय. लिंगपूजेबिगर ती अन्नाला शिवत न्हाई हे तुला तरी सांगायला नको. दहा दिवस झाले, नुसत्या दुधावर हाय.

तीन दिवसांनी चोर सापडला. भुजंग नावाचा कुणी हाय, तुमच्याच ठाण्यानं धरला. डबी तुमच्या मालखान्यात जमा झाली. आन् मालखान्याचा कारकून कोण? तर आमचे भाऊसाहेब. मला वाटलं देवच पावला, माल घरच्याच कुलपात पडला. म्हणून पेढे घेऊन आले होते. पेढे तसेच परत नेले. दुकानातल्या गड्यांना वाटले.

तू मात्र रजिस्टर माझ्या तोंडापुढं धरून म्हणालास की बघा, यात तुमच्या आईचं नाव कुठं न्हाई. नाव न्हवतंच. जे होतं ते मी वाचलं. चांदीची डबी, नग एक. त्यात चिकट काळा गोळा, नग एक, अमली पदार्थाचा संशय. तिथं मला अर्थ लागला न्हाई. घरी तुझ्या दाजींना विचारलं. अमली म्हणजे गांजा, अफू, चरस असलं, म्हणाले. माझ्या हातातली परात खाली पडली.

शिवकांत, अक्षर तुझं हाय. पाटीवर मीच गिरवून घेतलंय, मला चुकायचं न्हाई. मायचं लिंग तू चरस म्हणून लिवलंस काय? हो का न्हाई, एवढाच जबाब दे.

राजेश्रीला आशीर्वाद. ती बिचारी तुझ्याबरोबर कशी नांदायलीय तिलाच ठावं. माझा लोभ सध्या बाकड्यावर बसलाय, असू दे.

महादेवी

* * *

ता. ७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

ती. सौ. महादेवीअक्का हिस शिवकांतचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. चंद्रभान कंडक्टरच्या हातून पाठवत जाऊ नये, पाठवल्यास पाकीट चिकटवून पाठवावे. वाचून झाल्यावर हे पत्र जाळून टाकावे.

तुझा राग मी समजू शकतो, परंतु कामाची पद्धत तुला माहीत नाही. आमचे साहेब नवीन आहेत, कोकणातले. त्यांनी आपल्या लिंगायतांतले काही पाहिलेले नाही. आरोपीच्या खिशातून निघालेली डबी त्यांनी पंचांसमोर उघडली. आतला गोळा नाकाला लावला आणि चरस दिसते म्हणाले. साहेब सांगतात, मी लिहितो. वस्तूला नाव देणे हे माझे काम नाही, वस्तू सांभाळणे हे माझे काम आहे.

त्या पाकिटाला आता पाच ठिकाणी लाखेचे सील आहे, वर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आहे. ते सील मी फोडले तर मी आत आणि भुजंग बाहेर. माझ्या कोठीत या घटकेला रक्ताच्या कुऱ्हाडी आहेत, विषाच्या बाटल्या आहेत, गावठी दारूचे डबे आहेत, मागच्या अंगणात गवत उगवलेल्या छत्तीस मोटरसायकली आहेत. प्रत्येकाला नंबर आहे. नऊ वर्षांत एक टाचणी हरवलेली नाही. जिल्ह्याच्या तपासणीत माझ्या कोठीला उत्तम शेरा मिळालेला आहे. तू ती बकरी पाहिलीस, तिचासुद्धा नंबर आहे.

माल प्रयोगशाळेत जाईल. तिथून अमली पदार्थ नाही असा अहवाल येईल. मग तू कोर्टात अर्ज कर, कोर्टाच्या हुकमाने डबी तुझ्या ताब्यात मिळेल. पाच-सहा महिने धर. तोपर्यंत चन्नबसप्पा आप्पांना बोलावून मायला नवीन लिंग बांधून घ्यावे. शास्त्रात त्याची सोय आहे.

आणि ठाण्यात पुन्हा येऊ नकोस. आपले नाते साहेबांना कळले तर उगाच प्रश्न निघतील. जानेवारीत बढतीची यादी लागायची आहे.

मायला दंडवत. तुझा लोभ माझ्यावर असू दे, तो बाकड्यावरून उठव.

शिवकांत

* * *

॥ शिव ॥

झरी, सोमवार, ता. १० नोव्हेंबर २०२५

चि. शिवकांत यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र जाळलं न्हाई. दाजींनी दुकानात लावून ठेवावं इतकं चांगलं लिवलंस. हो का न्हाई विचारलं होतं, तू बकरीचा नंबर सांगितलास.

आप्पांना बोलावलं होतं. तू म्हणालास म्हणून न्हवं, त्यांना तरी मायची समजूत घालता येते का बघावं म्हणून. आप्पा तासभर बोलले. लिंग हरवलं तर गुरूच्या हातून दुसरं घेता येतं, पाप न्हाई, असं सगळं सांगितलं. मायनं ऐकून घेतलं. मंग विचारलं की आप्पा, ते हरवलंय कुठं? ते ठाण्यात हाय. नवरा कोठडीत हाय म्हणून मी दुसरा करू काय? आप्पा उठले आन् चपला शोधायला लागले. मला हसू आलं आन् मागनं रडू आलं. सोळा दिवसांत तेवढंच हसलो घरात.

आता तुझ्या साहेबाचं. कोकणातला माणूस, त्याला कंथी कशी ठावं असंल. लिंगावरचं काळं कवच त्यानं नाकाला लावलं, त्याला धुपाचा आन् तेलाचा वास आला, त्याला वाटलं मोठा गुन्हा घावला. त्याला मी कशाला बोलू? परक्या गावचं माणूस वाट चुकलं तर दोष त्याचा न्हाई, शेजारी उभं राहून बघणाऱ्याचा हाय.

शेजारी तू होतास. हातात पेन होता, तोंडात जीभ होती. जास्त बोलायचं बी न्हवतं रे. सदऱ्याची दोन बटनं काढायची आन् आपल्या गळ्यातलं दाखवायचं. म्हणायचं की साहेब, असला काळा गोळा माझ्याकडं बी हाय, मला बी धरा. हसले असते सगळे, चहा आला असता, मायचं लिंग संध्याकाळी घरी आलं असतं. दोन बटनं! तेवढं बी तुझ्याच्यानं झालं न्हाई. लहानपणी मास्तरनं दुसऱ्याच्या चुकीसाठी तुला छड्या मारल्या तवा बी असाच उभा होतास. मी जाऊन मास्तरच्या टेबलावरची शाई उलटवली होती. आता ठाण्यात काय उलटवू ते सांग.

आन् त्या चोराचं बी बोलते. चोर हाय, द्या त्याला चोरीची सजा, मी बी दोन देईन. पण चरसची केस लई वाईट असती, जामीन मिळत न्हाई, असं दाजी म्हणाले. ब्लेड मारणाऱ्या भामट्याला लिंगाच्या पायी वर्षानुवर्षं आत घालणार? तुमच्यात खरा कागद कुणी लिवतंय का न्हाई?

एकच गोष्ट नीट सांग. प्रयोगशाळेत ह्या गोळ्याचं काय करतात? नुसतं बघतात, का फोडतात?

लोभ ठेवायचा तर ठेवते, पण तू तो सील करून ठेवू नकोस म्हणजे झालं.

महादेवी

* * *

ता. १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

ती. अक्कास सा. न. वि. वि.

चंद्रभानच्या हाती एक पुडी पाठवीत आहे. तुझ्या हातातच द्यायला सांगितले आहे. आत मायचे लिंग आहे. कसे काढले ते विचारू नकोस. डबी मिळणार नाही, तिचा आग्रह धरू नये. उद्या सकाळी मायला पूजा करू दे आणि जेवू घाल. या विषयावर फोनवर एक अक्षर बोलू नकोस.

तू विचारलेस म्हणून सांगतो. प्रयोगशाळेत तपासायला चिमूटभर नमुना खरवडून काढतात. कधी फोडावेही लागते. माल सोमवारी, चोवीस तारखेला जाणार आहे. पण आता तुला त्याची काळजी नको. पाकिटात काय जाते ते माझे मी बघीन.

मायला दंडवत. आता तरी लोभाला घरात घे.

शिवकांत

* * *

॥ शिव ॥

झरी, रविवार, ता. १६ नोव्हेंबर २०२५

शिवकांत यास,

चिरंजीव लिवलं न्हाई, आशीर्वाद बी लिवला न्हाई. हात वळंना.

पुडी शुक्रवारी दिवेलागणीला पोचली. कापड शिवलेलं, पाच जागी लाख, वर चिठ्ठी. मायच्या देवाला बी तू सील मारून पाठवलंस. पण त्या घटकेला मला तुझं कौतुकच वाटलं, खोटं कशाला बोलू. चंद्रभानला बसवून दूध-साखर दिली. मी म्हणाले, आमच्या शिवाला उशिरा का होईना पण माय आठवली. दाजी म्हणाले की त्यानं नोकरी पणाला लावली. मी रात्रीच डाळ भिजवली.

शनिवारी सकाळी मायला न्हाऊ घातलं. कपाळाला विभूती लावली, बेल धुऊन ठेवला. दाजींनी दुकान उघडलं न्हाई. पुरण वाटून तयार होतं. मी तिच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. मोतीबिंदूनं तिला आता दिसत न्हाई फार, हातानंच बघती. तिच्या लिंगाला अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय हे मला बी ठावं न्हवतं, इतक्या वर्षांचा. तिनं अंगठा फिरवला आन् थांबली. पुन्हा फिरवला. मंग उलटं करून खालच्या अंगाला नख लावलं.

म्हणाली, हे शिवकांताचं हाय.

मी म्हणाले, माय, काहीतरीच काय. तिनं माझं बोट धरून त्या जागेवर टेकवलं. तुझ्या बारशाला कंथी ओली होती, बांधताना मायचंच नख लागलं होतं. बारीक चंद्रासारखी खूण हाय. तशीच्या तशी, कड बी झिजलेली न्हाई. वर म्हणाली की ह्याला वर्षानुवर्षं कुणाचा हात लागलेला न्हाई, ह्याला तेल न्हाई, पाणी न्हाई, हे पेटीत पडून होतं. तुझ्या प्रयोगशाळेपेक्षा लवकर अहवाल दिला म्हातारीनं. तो बी न खरवडता.

मंग तिनं विचारलं की हे इथं हाय, तर पोराच्या गळ्यात काय हाय?

मी दाजींकडं बघितलं, दाजींनी भिंतीकडं.

तिनं त्या लिंगाची पूजा केली. तुझ्या नावानं केली, सगळी, हळू हळू. भस्म लावलं, बेल वाहिला. मला वाटलं आता तरी ताट ओढंल. तिनं ताट सरकवलं. पूजा पोराच्या लिंगाची झाली, माझ्याची न्हाई, म्हणाली. पुरण गाईपुढं ठेवलं. गाय जेवली, माय न्हाई.

मी तुला लिवलं होतं की दोन बटनं काढ. मला काय ठावं की बटनाखाली काही न्हवतंच! मी इतके दिवस तुला भित्रा समजत होते. तू भित्रा बी हायेस आन् लबाड बी हायेस. दारूच्या बाटलीच्या जागी बाटली ठेवावी तसं आईला दुसरं लिंग दिलंस. तुला वाटलं काळा गोळा तो काळा गोळा, म्हातारीला काय कळतंय. नऊ वर्षांत टाचणी हरवली न्हाई म्हणून सांगतोस. ह्या एका नगाची नोंद कोणत्या पानावर हाय?

मायचं अजून पाकिटातच हाय ना? चोवीसला ते खरवडायला जाणार, व्हय ना?

लोभ मागू नकोस.

महादेवी

* * *

ता. १८ नोव्हेंबर, मंगळवार

अक्का,

खुलासा लिहायला बसलो आन् तीन कागद फाडले. आता लिहितो ते कारकुनाचं न्हाई.

मायचं पाकिटातच हाय. सील फोडायचं माझ्याच्यानं झालं न्हाई. तीन रात्री किल्ली हातात घेऊन बसलो. मंग वाटलं, माझं पडूनच हाय, ते तरी कामाला येईल. माय दोन घास खाईल. मी तुम्हाला फसवायला निघालो होतो हे खरं हाय, पण तिला उपाशी ठेवायला न्हाई.

ट्रेनिंगला उस्तादानं पहिल्या दिवशी सगळ्यांच्या गळ्यातलं काढायला लावलं. मी पेटीत ठेवलं. सुट्टीत घरी यायचो तवा घालायचो, मायला कळू नये म्हणून. नंतर ते बी राहिलं. नऊ वर्षांमागं कोठीवर नेमणूक झाली तवा राजेश्री म्हणाली की आता तरी घाला. मी घालणार बी होतो. पहिल्याच आठवड्यात एका पोरीचे कपडे आले, विहिरीतून काढलेल्या. ओले कपडे सील करता येत न्हाईत, सडतात. ते वाळवावे लागतात. मी मागच्या अंगणात दोरी बांधून तिचा परकर-पोलका वाळत घातला, आन् कावळे बसतील म्हणून दिवसभर खुर्ची टाकून राखत बसलो. संध्याकाळी घड्या घातल्या. त्या हातानं मला लिंगाला शिववलं न्हाई अक्का. रोजच काहीतरी असं येतं. कोणत्या दिवशी शिवू?

साहेबांनी डबी उघडली तवा मी झाकण बघितलं. झाकणावर बेलाचं पान हाय, त्याचं मधलं दल झिजलंय. मी तेवढ्यातच ओळखलं. तोंड उघडणार होतो. पण पुढचा प्रश्न ठरलेला होता. साहेबांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? मी सदऱ्यात हात घातला असता आन् रिकामा बाहेर काढला असता. दोन पंच, चार शिपाई उभे होते. मी खाली बघून लिवलं. एकदा लिवलं की ते खरं होतं, आमच्यात तसंच असतं.

आता बोललो तर पहिला सवाल हाच, की वीस दिवस गप्प का होता. चौकशी लागंल. यादीतून नाव जाईल ते जाईलच. तिकडं भुजंगाची बायको रोज ठाण्याच्या फाटकाशी येऊन बसायलीय, तिच्याकडं बघून मी मागच्या दारानं जातो.

सोमवारी सकाळी सातला गाडी निघणार. पाकीट माझ्याच हातानं सोपवायचंय. मी काय करू, तूच सांग.

तुझा,
शिवा

* * *

॥ शिव ॥

झरी, गुरुवार, ता. २० नोव्हेंबर २०२५

चि. शिवास आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद लिवलाय तो मायच्या सांगण्यावरून. माझा अजून यायचाय.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. काहीच गाळलं न्हाई. पोरीच्या कपड्यांपाशी आले तवा तिनं मला थांबवलं आन् ते पुन्हा वाचायला लावलं. मंग म्हणाली की येडं हाय. आपल्या शरण-संतांत कातडं कमावणारे होते, मेलेली गुरं ओढणारे होते, कुणी लिंग काढून खुंटीला अडकवलं न्हवतं. मढ्याच्या कपड्यांवर कावळा बसू नये म्हणून दिवसभर उन्हात राखण करत बसला, त्या दिवशी तर त्याच्या गळ्यात पाहिजेच होतं. हे तिचं बोलणं. तिनं माफ केलं असंल, माय हाय ती.

मी केलं न्हाई. तुझ्या हाताला विटाळ झाला म्हणतोस, तो कपड्यांचा न्हवं, त्या एका ओळीचा हाय. पेन धरलेल्या हाताचा. विहिरीतल्या पोरीसाठी खुर्ची टाकून बसणारा माणूस जित्या आईसाठी दोन शब्द बोलत न्हाई, ह्याला काय नाव देऊ? यादी म्हणे! उद्या तू मोठा फौजदार होशील, छातीवर नाव लावशील, आन् त्या छातीवर आत काय असंल? मला बाई म्हणालास तवा वाईट वाटलं होतं. आता वाटतं बरं झालं, असल्या माणसाची अक्का असल्याचं त्या ठाण्यात कुणाला कळलं न्हाई.

कालपासून मायनं दूध बी परत केलं. घशाखाली उतरत न्हाई म्हणती. डॉक्टर येऊन गेला, सलाईन लावून गेला. आप्पा रोज येऊन बसतात. काल तिनं आम्हाला जवळ बोलावून सांगितलं की मी गेले तर तळहातावर माझं लिंग ठेवूनच समाधीत बसवा. तोवर ते आलं न्हाई तर माझी डावी मूठ बांधा, रिकामा तळहात देवाला दाखवू नका. शांतपणे सांगितलं, लोणच्याला मीठ किती घालायचं ते सांगावं तसं. मी बाहेर येऊन कापसाच्या गंजीमागं तोंड लपवून बसले. मी, महादेवी!

आता काय करू विचारलंस. ऐक.

तुझं लिंग आमच्या ताब्यात हाय. मी ते कापडात शिवलंय. घरात लाख न्हाई, म्हणून कणकेचे पाच गोळे लावले आन् वर माझा अंगठा उमटवला. चिठ्ठी बी लावलीय. लिंग, नग एक. मालक शिवकांत. ओळख, नखाची खूण. पंच म्हणून दाजींची सही हाय आन् मायचा अंगठा. ज्वारीच्या कणगीत ठेवलंय. आमच्या बी कोठीतली टाचणी हरवत न्हाई. अर्ज चालायचा न्हाई, चंद्रभानच्या हाती मिळायचं न्हाई. स्वतः येऊन, मायपुढं बसून, ओळख पटवून घेऊन जायचं.

पण मोकळ्या हातानं आलास तर उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई. आधी साहेबापुढं उभा राहा. चौघांच्या देखत उभा राहा, तेच पंच, तेच शिपाई. म्हणावं की साहेब, ते चरस न्हाई. ते लिंग हाय. माझ्या आईचं हाय. मी त्याच वक्ताला ओळखलं होतं आन् भिऊन खरं लिवलं न्हाई. त्यानं विचारलं तुम्हाला कसं माहीत, तर खरं सांग की माझ्या बी गळ्यात होतं, मी काढून ठेवलं. रिकामा हात बाहेर आला तर येऊ दे. हसतील. हसू दे. आजवर गप्प बसून तुझी कोणती इज्जत वाढली?

तो जबाब लेखी दे. मंग कोर्टातून डबी काढायला अर्ज मी करते, वकील दाजींनी बघितलाय. चार दिवस लागोत, आठ लागोत, ते लिंग खरवडायच्या गाडीत बसलं न्हाई एवढं मायला कळलं तर ती तेवढे दिवस ओढंल. मी तिला ओळखते.

त्या जबाबाची नक्कल मला पाहिजे, तुझ्या सहीची. चंद्रभानची गाडी रविवारी साडेदहाला तिथून सुटती. बाराच्या आत कागद माझ्या हातात पडला पाहिजे. फोन नको, निळ्या रेघा नकोत.

बारा वाजून गेले आन् कागद आला न्हाई, तर सोमवारी पहाटे मायला बाजेसकट टेम्पोत घालते, सलाईनची बाटली मी हातात धरते, आन् सातच्या आत तुझ्या ठाण्याच्या फाटकात येते. ती बकरी बांधता त्या जागी बाज ठेवीन. गाडी तिथूनच निघंल ना? साहेब विचारतील की ही म्हातारी कोण. मी एक शब्द बोलणार न्हाई. बाकड्यावर बसून राहीन. साहेब सांगतात आन् तू लिवतोस, तर सगळ्यांच्या देखत लिव, नग एक, आन् पुढं काय ते.

राजेश्रीला सांग की तिनं नऊ वर्षांमागं बरोबर बोललं होतं. लोभ ठेवायचा का न्हाई ते रविवारी बारा वाजता ठरंल. घड्याळ मायच्या उशाशी ठेवलंय.

तुझी अक्का,
महादेवी